चाचणी म्हणजे जांगड नव्हे : नैराश्यावरील ॲपच्या प्रयोगात सहभागी होताना

मुंबईतील व्यापारी कुटुंबांत मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांविषयी मोकळेपणाने बोलले जाते. कोणता डॉक्टर चांगला, कोणती गोळी लागू पडली, याची चर्चा दुकानाच्या गादीवरही होते. नैराश्याच्या वाट्याला हा मोकळेपणा येत नाही. लालबाग, दादर किंवा गिरगावातील एखाद्या दुकानदाराची झोप उडते, हिशेबात चुका होऊ लागतात, नेहमीच्या गिऱ्हाइकाशीही दोन शब्द बोलणे नकोसे होते. घरचे त्यास मंदीचा परिणाम म्हणतात, शेजारी त्यास स्वभाव म्हणतात आणि आजाराला आजार म्हणण्याची वेळ फार उशिरा येते. मुलामुलींच्या सोयरिकीची काळजी आणि बाजारातील पत या दोन गोष्टी तोंडाला कुलूप घालतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून असे दिसले, की साधारणपणे दर २० प्रौढांमागे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा आजार जडतो आणि त्यांपैकी बहुसंख्य व्यक्ती उपचारापर्यंत पोहोचत नाहीत.

अशा घराला एखादे नवे साधन आकर्षक वाटले, तर त्यात नवल नाही. डोक्याला एक हलका पट्टा लावायचा, मोबाईलवरील ॲप उघडायचे आणि घरबसल्या रोज काही मिनिटे मेंदूला शांत राहण्याचे शिक्षण द्यायचे, अशी ही कल्पना आहे. तिला न्यूरोफीडबॅक म्हणतात. दुकान बंद ठेवावे लागत नाही, मनोविकार विभागाच्या रांगेत कोणी ओळखीचे भेटत नाही, गोळ्यांची पाकिटे लपवावी लागत नाहीत. या पद्धतीची साधने जगभर वैद्यकीय चाचण्यांतून तपासली जात आहेत. उद्या आपल्या शहरातील एखाद्या रुग्णालयातून घरातील रुग्णाला अशा चाचणीचे निमंत्रण आले, तर सही करण्यापूर्वी नेमके काय समजून घ्यावे, याचा विचार आजच करून ठेवणे हिताचे आहे.

पट्टा आणि पडदा

मेंदूतील पेशी अतिसूक्ष्म विद्युत्‌संदेशांनी एकमेकींशी व्यवहार करतात. या विद्युत्‌लहरी माणसाच्या डोक्याच्या त्वचेवरून नोंदविता येतात, हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये प्रथम अनुभवले आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. आज ईईजी या नावाने परिचित असलेली तपासणी तेव्हापासूनची. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतील जो कामिया आदी संशोधकांनी असे दाखविले, की माणसाला त्याच्या मेंदूतील लहरींची खबर त्याच क्षणी मिळत राहिली, तर तो त्या काही प्रमाणात बदलावयास शिकतो. आरशात पाहून केस विंचरावेत, तसाच हा प्रकार. लहरी अपेक्षित दिशेने बदलल्या, की पडद्यावरील चित्र उजळते किंवा मधुर ध्वनी ऐकू येतो. विस्कटल्या, की चित्र मंद होते. सरावाने मेंदूला वळण लागावे, अशी अपेक्षा असते.

नैराश्याच्या बाबतीत अनेक संशोधकांचे लक्ष कपाळामागील भागाच्या डाव्या आणि उजव्या बाजूंतील फरकाकडे राहिले आहे. तेथील अल्फा लहरींचा समतोल खिन्न मनःस्थितीत ढळतो आणि तो सुधारल्यास मनही सावरेल, असे हे अनुमान आहे. हा संबंध सर्व अभ्यासांत सारखा आढळलेला नाही. शिवाय एक व्यावहारिक अडचण आहे. मेंदूच्या लहरी मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांशात मोजतात. पापणीची उघडझाप किंवा जबड्याचा ताण यांतून उमटणारे संकेत त्यांहून कितीतरी जोरकस असतात. रुग्णालयातील ईईजीमध्ये सुमारे २० ठिकाणांहून नोंद घेतली जाते, तर घरगुती पट्ट्यावर मोजकेच संवेदक असतात. तेव्हा शिक्षण मेंदूला मिळते आहे की कपाळाच्या स्नायूंना, ही शंका रास्तच आहे. तिचे उत्तर जाहिरातीतून मिळत नाही. ते चाचणीतूनच मिळवावे लागते.

लटक्या उपचाराचे प्रयोजन

कापडाच्या आणि दागिन्यांच्या व्यापारात जांगड ही जुनी रीत आहे. माल घेऊन जावा, पाहावा, पसंत पडल्यास ठेवावा, न पडल्यास परत करावा. वैद्यकीय चाचणीचे निमंत्रण आले, की अनेकांना ती जांगडच वाटते. नवे यंत्र वापरून पाहू, गुण आला तर ठीक, नाही तर परत देऊ, असा विचार मनात येतो. चाचणीचा व्यवहार मुळातच निराळा आहे. जांगडीत हाती आलेला माल खरा असतो. चाचणीत हाती आलेला उपचार खरा आहे की लटका, हे सहभागी व्यक्तीला सांगितलेच जात नाही.

हा लपंडाव फसवणुकीसाठी नसतो. नैराश्य भरती-ओहोटीप्रमाणे वाढते आणि ओसरते. माणूस मदत मागतो तो बहुधा ओहोटीच्या तळाशी असताना. त्यानंतर काहीही न करता थोडाफार उतार पडण्याची शक्यता असते. कोणीतरी दर आठवड्याला आस्थेने विचारपूस करते, दिवसाला एक शिस्त लागते, आशा पालवते, आणि या सर्वांचाही गुण येतो. नैराश्यविरोधी औषधांच्या चाचण्यांत निव्वळ लटकी गोळी घेणाऱ्यांपैकी साधारण ३५ ते ४० टक्के व्यक्तींची लक्षणे निम्म्याने कमी झालेली आढळतात. असे असताना एखाद्या ॲपने शंभरांतील चाळिसांना बरे वाटले, एवढ्यावरून त्या ॲपचे श्रेय किती, हे कळणार कसे? म्हणून सहभागी व्यक्तींचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गट पाडतात. एका गटाच्या पडद्यावर त्यांच्या स्वतःच्या मेंदूचे प्रतिबिंब असते. दुसऱ्या गटाचा पट्टा तोच, चित्र तेच, वेळही तीच, परंतु चित्राची हालचाल दुसऱ्याच कोणाच्या पूर्वी नोंदलेल्या लहरींवर चालते. दोन्ही गटांतील फरक हाच त्या उपचाराचा खरा नफा. बाकी सारी नुसती उलाढाल.

हा तराजू किती निष्ठुर असतो, हे दोन उदाहरणांवरून दिसते. चंचलता आणि अवधानाचा अभाव असलेल्या मुलांवर अमेरिकेत न्यूरोफीडबॅकची एक मोठी चाचणी झाली. सुमारे १४० मुले, खरा आणि लटका असे दोन गट, आणि वर्षभराहून अधिक काळ पाठपुरावा. दोन्ही गटांतील मुलांत चांगली सुधारणा झाली. परंतु ती जवळजवळ सारखीच होती. लटका गट नसता, तर हा उपचार यशस्वी म्हणून गाजला असता. याउलट २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतीलच टल्सा येथील एका प्रयोगात नैराश्याच्या ३६ रुग्णांना एमआरआय यंत्रात झोपवून, सुखद आठवणींच्या साहाय्याने भावनांशी निगडित असा मेंदूतील विशिष्ट भाग जागविण्याचे शिक्षण दिले गेले. खऱ्या गटातील १९ पैकी १२ जणांची लक्षणे निम्म्याहून अधिक उतरली. दुसऱ्या गटातील १७ पैकी दोघांचीच. आशा वाटावी असा हा निकाल आहे. परंतु तो प्रयोग लहान होता आणि ते यंत्र खोलीएवढे होते, कपाळावरचा पट्टा नव्हे. एकाचे यश दुसऱ्याच्या नावे जमा करता येत नाही.

मोबाईलवरून नैराश्यावर उपचार ही कल्पना सर्वस्वी पोकळ आहे, असेही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ३० मार्च २०२४ रोजी रिजॉइन नावाच्या ॲपला मान्यता दिली. ते न्यूरोफीडबॅकचे ॲप नव्हे. चेहऱ्यांवरील भाव ओळखणे आणि लक्षात ठेवणे असा सराव ते देते. त्याचीही तुलना लटक्या ॲपशी करण्यात आली होती. मान्यता मिळाली ती २२ वर्षे व त्यावरील, आधीपासून औषध घेत असलेल्या रुग्णांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि औषधाला जोड म्हणून. औषधाला पर्याय म्हणून ती नाही, हे ध्यानात ठेवावे.

परळने शिकविलेला धडा

मनाच्या आजारांवरील उपचार तराजूत घालून पाहण्याची परंपरा मुंबईला नवी नाही. परळच्या आचार्य दोंदे मार्गावरील के. ई. एम. रुग्णालय आणि त्यास जोडलेले शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही एका व्यापारी घराण्याच्या देणगीतून आणि महापालिकेच्या सहकार्याने १९२६ मध्ये उभी राहिलेली संस्था. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, ही देणगीमागील अट त्या काळी धाडसाची होती.

याच रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीची उच्च रक्तदाबावर चाचणी घेतली आणि १९४९ मध्ये ती ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केली. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच रक्तदाब आणि मनोविकार या दोहोंवर तिचा उपयोग नोंदविला होता, डॉ. वकिलांच्या लेखाने जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे तिच्यापासून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

कथेचा पुढील भाग नैराश्याशी थेट निगडित आहे. रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, असे १९५० च्या दशकात डॉक्टरांच्या नजरेस येऊ लागले. रेसर्पिन मेंदूतील सेरोटोनिनसारखी द्रव्ये घटविते, हे समजल्यावर या द्रव्यांची कमतरता म्हणजेच नैराश्य, असे अनुमान निघाले आणि १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी त्यास सिद्धान्ताचे रूप दिले. मात्र १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता व खिन्नता असलेल्या रुग्णांवर रेसर्पिनची लटक्या गोळीशी तुलना केली होती आणि रेसर्पिन घेणाऱ्यांना आराम पडल्याचे त्यांना आढळले होते. डॉक्टरांचा अनुभव एक सांगत होता, तराजू दुसरेच. हा विरोध वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिला. अनुभवी माणसाच्या नजरेलाही चूक होऊ शकते आणि म्हणूनच मोजमाप लागते, हा धडा परळच्या एका औषधाने जगाला दिला.

दुसरे उदाहरण आजच्या न्यूरोफीडबॅकच्या अधिक जवळचे आहे. के. ई. एम. रुग्णालयाच्या मनोविकार विभागाचे डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांचे सहकारी यांनी पातंजल योगसूत्रांतील संकल्पनांवर आधारलेली एक उपचारपद्धती १९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्या रुग्णांवर तपासली. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान अशी तिची पाच पावले होती. प्राचीन आहे म्हणून ती खरीच, असे या डॉक्टरांनी मानले नाही. काही रुग्णांना पूर्ण पद्धत शिकविली गेली. इतरांकडून आसन-प्राणायामासारखे दिसणारे व्यायाम करून घेण्यात आले, परंतु चित्ताच्या एकाग्रतेचा भाग वगळला गेला. आस्था आणि दिलासा दोघांनाही मिळेल, याची काळजी घेतली गेली. पूर्ण पद्धतीच्या गटात अधिक सुधारणा दिसली आणि हे निष्कर्ष १९७३ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकोथेरपीमध्ये प्रसिद्ध झाले. त्या लेखकांतील एक तरुण डॉक्टर, दिलीप जेस्ते, पुढे अमेरिकेत गेले आणि २०१२-१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले.

ते प्रयोग लहान होते आणि आजच्या कसोट्या त्यांहून कडक आहेत. तरीही, ध्यानासारख्या अदृश्य गोष्टीलाही लटका जोडीदार देऊन तिची परीक्षा घेता येते, हे परळमध्ये पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी करून पाहिले गेले. त्या दुसऱ्या गटात बसलेले रुग्ण कोण होते, हे कोणाला ठाऊक नाही. त्यांच्यावाचून पहिल्या गटाच्या सुधारणेला अर्थच उरला नसता.

घरचा उपचार, दारची नजर

रुग्णालयाऐवजी घरी उपचार, हा ॲपचा मोठा दावा आहे. त्याचीही परीक्षा आपल्या देशात एकदा झालेली आहे, ती क्षयरोगाच्या संदर्भात. १९५६ मध्ये मद्रास शहरात क्षयरुग्णांचे दोन गट करण्यात आले. एक गट आरोग्यधामात राहिला. दुसऱ्याने आपल्या दाटीवाटीच्या घरांत राहून गोळ्या घेतल्या. आहार आणि विश्रांती पहिल्या गटास अधिक मिळाली, तरीही गुण दोघांना जवळजवळ सारखाच आला, आणि घरातील इतरांना संसर्गाचा धोकाही वाढला नाही. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जगभरातील क्षयोपचाराची दिशा बदलली.

मात्र त्या घरगुती गटाला वाऱ्यावर सोडलेले नव्हते. आरोग्यसेवक घरी येत, गोळ्या मोजत, औषध खरोखर घेतले जाते का, हे लघवीच्या तपासणीने पाहत. घरचा उपचार यशस्वी झाला, तो बाहेरची नजर कायम राहिली म्हणून.

ॲपच्या चाचणीत नेमका येथेच कस लागतो. कोणाला कळत नाही, हे ॲपचे आकर्षण आहे. आणि प्रकृती बिघडत चालल्याचे कोणाला कळले नाही, तर तोच त्याचा धोका आहे. नैराश्य मोजण्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली नऊ प्रश्नांची असते. प्रत्येकास शून्य ते तीन गुण, एकूण २७. गेल्या दोन आठवड्यांतील झोप, भूक, उत्साह, एकाग्रता यांविषयी विचारून झाल्यावर नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. रात्री साडेअकरा वाजता, दुकानाचा हिशेब मिटवून आल्यावर, रुग्णाने मोबाईलवर त्या प्रश्नाचे उत्तर 'जवळजवळ रोज' असे दिले, तर ते कोण वाचणार आणि केव्हा वाचणार? त्याच रात्री कोणाचा फोन येईल की आठवड्याच्या अखेरीस आकडेवारीत त्याची नोंद होईल? चाचणीच्या प्रमुख डॉक्टरांना विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असावा. त्याचे स्पष्ट उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नये.

सहीपूर्वीचे वाचन

भागीदारीचा करार किंवा कर्जाचा दस्तऐवज न वाचता सही करणारा व्यापारी विरळा. संमतिपत्रही त्याच सावधपणे वाचावे. ते रुग्णाला समजणाऱ्या भाषेत, मराठी, गुजराती किंवा हिंदीत, मिळालेच पाहिजे. घरी नेऊन दोन दिवस विचार करण्यास वेळ मागण्यात काहीही गैर नाही.

प्रथम पाहावी ती नोंदणी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २० जुलै २००७ पासून क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया ही नोंदवही सुरू केली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. ही वही कोणालाही विनामूल्य पाहता येते. चाचणी कोण करीत आहे, पैसा कोणाचा, किती व्यक्ती घेणार, यश कशाने मोजणार, हे सारे त्यात आधी लिहून ठेवलेले असते. वर्षाअखेरीस आकडे सोयीने फिरविता येऊ नयेत, म्हणून वही आधीच उघडावी, असा हा शिरस्ता आहे. ज्या प्रयोगाचा नोंदणी क्रमांक मिळत नाही, त्यापासून दूर राहणे चांगले.

दुसरी गोष्ट नीतिसमितीची. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांत कायदेतज्ज्ञ, महिला आणि वैद्यकक्षेत्राबाहेरील सामान्य नागरिक यांचा समावेश आवश्यक असतो आणि निम्मे सदस्य त्या संस्थेशी संबंध नसलेले असावे लागतात. उपचारासाठी वापरावयाचे सॉफ्टवेअरही १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आले आहे, त्यामुळे 'हे तर नुसते ॲप आहे' ही सबब चालत नाही. समितीच्या सचिवांचे नाव आणि दूरध्वनी संमतिपत्रावर असतात. शंका असल्यास तेथे विचारावे.

तिसरी गोष्ट पैशाची. संशोधनासाठी होणाऱ्या तपासण्या आणि उपकरण यांचा खर्च सहभागी व्यक्तीकडून घेणे परिषदेच्या नीतितत्त्वांत बसत नाही. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नियमानुसार भरपाई यांची तरतूद संमतिपत्रात असावी. 'ट्रायल पॅकेज' म्हणून कोणी हजारो रुपये मागत असेल, तर तो विक्रेता आहे, संशोधक नव्हे.

चौथी गोष्ट चालू औषधांची. नव्या उपचाराच्या उत्साहात जुनी गोळी स्वतःहून बंद करणे घातक ठरू शकते. चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश यांपासून आजार पुन्हा उसळण्यापर्यंत काहीही होऊ शकते. औषध कमी करावयाचे असल्यास ते उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, क्रमाक्रमानेच व्हावे. पर्युषणातील उपवास, अठ्ठाई किंवा रात्रिभोजनत्याग यांमुळे गोळीची वेळ बदलणार असेल, तर तेही चाचणीच्या डॉक्टरांना आधी सांगावे. लपविलेला उपवास रुग्णालाही अपाय करतो आणि निष्कर्षालाही.

पाचवी गोष्ट माहितीची. मेंदूच्या लहरी, झोपेच्या वेळा, मनातील विचार, हे सारे मोबाईलवरून कोणत्या कंपनीकडे जाते, कोणत्या देशात साठविले जाते, चाचणी संपल्यावर पुसले जाते का, हे विचारावे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क मान्य केला आहे. घरातील साधी खबरदारीही आवश्यक आहे. दुकानाचा मोबाईल मुनीम, मुलगा आणि गडी सर्वांच्या हातात असतो. त्यावर असे ॲप ठेवू नये.

शेवटी, चाचणीतून केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे रुग्णालयातील नेहमीच्या उपचारावर परिणाम होता कामा नये. चाचणी संपल्यावर लटक्या गटाला खरा उपचार देणार का, हेही विचारून घ्यावे.

सही कोणाची

व्यापारी घरांत मोठ्या निर्णयावर वडीलधाऱ्यांची मोहोर लागते. दुकानाच्या बाबतीत ते योग्य असेल. चाचणीच्या संमतीत मात्र सही रुग्णाचीच हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही संशोधनासाठी रुग्णाची स्वतःची, मोकळ्या मनाने दिलेली संमती आवश्यक मानली आहे. सून उदास आहे म्हणून सासऱ्यांनी, किंवा धाकटा भाऊ गल्ल्यावर बसत नाही म्हणून मोठ्या भावाने त्याला चाचणीत 'घालणे' योग्य नाही. खिन्न मनाचा माणूस वाद टाळण्यासाठी होकार देतो. तो होकार आणि संमती यांत मोठे अंतर आहे.

तरीही कुटुंबाचे काम मोठे आहे. रुग्णाने विश्वासाने निवडलेल्या घरातील एका व्यक्तीला चाचणीची पूर्ण माहिती असावी. सरावाचा अर्धा तास कोणी मध्ये हाक मारू नये, ठरलेल्या दिवशी परळला किंवा अन्यत्र तपासणीस जाता यावे म्हणून दुकानाची पाळी कोणी सांभाळावी, आणि झोप, जेवण किंवा बोलणे यांत बदल दिसताच डॉक्टरांना कळवावे, हे त्या व्यक्तीचे काम. 'आला का गुण?' असे रोज विचारणे टाळावे. त्या प्रश्नाने रुग्ण बरे वाटल्याचे नाटक करू लागतो आणि डॉक्टरांपुढेही तेच उत्तर जाते.

चाचणीत सहभागी होणे हा एकमेव मार्ग नाही, हेही विसरू नये. नैराश्यावरील औषधे आणि समुपदेशन आजही उपलब्ध आहेत. मुंबईतील महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच स्थान द्यावे, असे २०१७ च्या त्याच कायद्याचे कलम २१ सांगते. पॉलिसीचे नूतनीकरण करताना ते तपासावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. मरणाचे विचार मनात येत असतील, तर ॲपची किंवा चाचणीच्या पुढील तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी या क्रमांकावर फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

हे सर्व समजून घेऊन जो चाचणीत उतरतो, तो ग्राहक राहत नाही; तो एका सामाईक निधीचा ठेवीदार होतो. त्याच्या वाट्याला खरा उपचार येईल किंवा लटका. ॲप उपयोगी ठरेल किंवा निरुपयोगी. निरुपयोगी ठरले, तरी पुढच्या हजारो घरांचा पैसा, वेळ आणि खोटी आशा वाचते. उपयोगी ठरले, तर एखाद्या अनोळखी दुकानदाराची झोप परत येते. मात्र ही ठेव ठेवताना चालू उपचाराचा आधार सुटू नये, डॉक्टरांची नजर हटू नये, आणि घरातील निदान एका माणसाला ही गोष्ट ठाऊक असावी.